पंप नवा बसवला तरी ट्रॅक्टर चालू होईना? आधी सायलेन्सरकडे बघा

ट्रॅक्टरचा डिझेल पंप बदलला, किंवा जुनाच पंप रिपेअरवाल्याकडून नवे एलिमेंट (डिझेल दाबणारा दट्ट्या आणि त्याची नळी) टाकून आणला, बसवला, आणि आता गाडी एक तर चालूच होत नाही, नाहीतर चालू होऊन पाच मिनिटांत बंद पडते, नाहीतर चालते पण रोटाव्हेटर जमिनीला टेकला की दम सोडते. अशा वेळी शेतकरी असो की गावातला मेकॅनिक, पहिला संशय पंपावरच जातो, की रिपेअरवाल्याने काम नीट केलं नाही. माझं मत स्पष्ट आहे, टेस्ट बेंचवर लावून कॅलिब्रेशन करून, म्हणजे डिझेलचं माप जुळवून आलेला पंप खराब निघायची शक्यता कमी, बिघाड बहुतेक करून बसवताना राहिलेला असतो, आणि तो क्रमाने बघितला तर अर्ध्या दिवसात सापडतो. क्रम सोडून इकडचा बोल्ट पिळ, तिकडचा स्क्रू फिरव असं केलं की एका बिघाडाचे तीन होतात आणि मग खरंच पंप खोलायची वेळ येते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हे सगळं मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांबद्दल आहे, म्हणजे महिंद्रा ५७५ सारख्या ट्रॅक्टरवर असतो तो लांबट इनलाइन पंप, ज्याच्या डोक्यावरून एका रांगेत चार पाइप निघतात, किंवा सिम्पसन इंजिनच्या जुन्या मॅसीवर बरेचदा दिसतो तो गोल रोटरी पंप, ज्याला मेकॅनिक लोक डीपीए म्हणतात. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला ट्रेम ४ चे, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागले आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांवर कॉमन रेल आलं, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल देणारी एकच जास्त प्रेशरची नळी. तिथे यातलं काहीही करू नका, त्या रेलमध्ये १००० बारच्या वर प्रेशर असतं आणि चालू इंजिनवर पाइपाचा नट सैल करणं जिवावर बेतू शकतं.

आता पंप नेमकं करतो काय ते थोडं समजून घ्या, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. समजा चार सिलेंडरचं इंजिन २००० आरपीएमवर चाललंय आणि तासाला ६ लिटर डिझेल खातंय. प्रत्येक सिलेंडरला दोन फेऱ्यांत एकदा डिझेल लागतं, म्हणजे मिनिटाला १००० वेळा, चारही मिळून तासात २,४०,००० फवारे, आणि एका फवाऱ्याच्या वाट्याला येतं ०.०२५ मिली, म्हणजे साधारण अर्धा थेंब. हा अर्धा थेंब पंपाला २०० बारच्या आसपास प्रेशर बनवून नोझलमधून धुक्यासारखा मारायचा असतो, आणि तोही पिस्टन वर पोचायच्या थोडंसं आधी, अगदी ठरलेल्या क्षणी. २००० आरपीएमला क्रँक एका सेकंदाच्या हजाराव्या भागात १२ अंश फिरतो, यावरून अंदाज करा की उशीर म्हणजे किती बारीक गोष्ट आहे.

म्हणजे डिझेल पोचलं पाहिजे आणि वेळेवर पोचलं पाहिजे. पोचत नसेल तर बहुतेक वेळा मधे हवा असते किंवा रस्ता बंद असतो, वेळेवर पोचत नसेल तर टायमिंग चुकलेलं असतं. आणि या दोघांतलं काय झालंय हे इंजिन स्वतः सांगतं, फक्त सेल्फ मारताना कोणीतरी सायलेन्सरकडे बघत उभं राहायला पाहिजे. सेल्फ मारल्यावर सायलेन्सरमधून काहीच धूर येत नसेल तर डिझेल सिलेंडरपर्यंत जातच नाहीये. पांढरा, डोळे चुरचुरवणारा, डिझेलच्या वासाचा धूर येत असेल तर डिझेल जातंय पण जळत नाहीये. हे बघितल्याशिवाय हातात पाना घेऊच नका, कारण दोन्हीचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत.

आधी बिनधुराचं बघू. पंप काढला आणि बसवला म्हणजे लाइनमध्ये हवा शिरलीच, त्यात कोणाची चूक नाही. डिझेल दाबलं जात नाही पण हवा दाबली जाते. दवाखान्यात सिरिंजमध्ये बुडबुडा राहिला तर नर्स सुई वर धरून तो आधी काढून टाकते, इथेही तसंच, पाइपात बुडबुडा असेल तर प्लंजर, म्हणजे पंपातला दट्ट्या, वर येऊन त्या बुडबुड्यालाच दाबतो, खाली गेला की बुडबुडा परत फुगतो, नोझल उघडायला लागतं तेवढं प्रेशर बनतच नाही, आणि तुम्ही सेल्फ मारून मारून बॅटरी संपवता.

हवा काढायच्या आधी मात्र साध्या गोष्टी बघून घ्या, टाकीत डिझेल आहे का, कॉक उघडलाय का, स्टॉपची दोरी पूर्ण आत गेलीय का. ही स्टॉपची दोरी फार वेळ खाते. पंप बसवताना केबल थोडी आखूड बांधली जाते किंवा कुठेतरी वाकते, डॅशबोर्डवरचा नॉब आत दिसतो पण पंपावरचा लिव्हर अर्ध्यातच अडकलेला असतो, म्हणजे गाडी तुम्ही चालू करताय आणि त्याच वेळी बंदही करताय. नॉबवर विश्वास ठेवू नका, बॉनेट उघडून पंपावरचा लिव्हर हाताने हलवून बघा, तो चालू बाजूला पूर्ण टेकला पाहिजे. ज्या गाडीवर स्टॉपसाठी सोलेनॉइड आहे तिथे चावी फिरवल्यावर टक् असा आवाज येतो का ऐका.

मग हवा टाकीकडून नोझलकडे काढत जायची, उलट नाही. पहिल्या फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू सैल करा, फीड पंपाचं हँड प्रायमर दाबत राहा, आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड डिझेल, आणि डिझेल येत असतानाच स्क्रू आवळा, प्रायमर मारणं थांबवून आवळला तर हवा परत आत ओढली जाते. मग दुसरा फिल्टर, मग पंपाच्या अंगावरचा स्क्रू. डीपीए पंपाला बहुधा दोन जागा असतात, एक हायड्रॉलिक हेडच्या (जिथून पाइप निघतात त्या डोक्याच्या) बाजूला आणि एक वर गव्हर्नरच्या (इंजिनचा वेग आवरणाऱ्या भागाच्या) घरावर, दोन्ही करायच्या, वरची राहिली तर गाडी चालू होते पण आयडलला डुलत राहते.

बऱ्याच गाड्यांवर फीड पंप डायफ्रामचा असतो आणि त्याची खालची लिव्हर दाबून हवा काढायची असते. कधी कधी ती लिव्हर एकदम ढिली लागते, कितीही मारा डिझेल येत नाही, आणि लोक म्हणतात फीड पंप पण गेला. तो गेलेला नसतो, इंजिन अशा जागी थांबलेलं असतं की आतल्या कॅमने डायफ्राम आधीच ओढून धरलेला असतो, मग तुमच्या हाताला ओढायला काही उरतच नाही. इंजिन पान्याने एक पूर्ण फेरी फिरवा आणि परत लिव्हर मारून बघा, हाताला जोर लागायला लागेल. बघा, एवढ्या एका गोष्टीसाठी लोक नवा फीड पंप घेऊन येतात.

पंपापर्यंत हवा निघाली की मग जाड पाइप. चारही पाइपांचे नोझलकडचे नट दीड-एक आटे सैल करा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण ओढून ठेवा आणि सेल्फ मारा. सेल्फ एका वेळी १०-१५ सेकंदांच्या वर मारायचा नाही, मधे मिनिटभर थांबायचं, नाहीतर सेल्फ जळेल आणि ते काम वेगळंच वाढेल. नटाच्या भोवतीने आधी फसफस येते, मग डिझेल ठोक्याठोक्याने उडायला लागतं, तसं एकेक नट आवळत जा, दोन-तीन आवळले की बहुतेक वेळा इंजिन भडकतंच, बाकीचे चालू असताना आवळले जातात.

एका पाइपातून काहीच येत नसेल आणि बाकीच्यांतून येत असेल तर तो एलिमेंट किंवा डिलिव्हरी वॉल (पंपातून पाइपाकडे जाणाऱ्या वाटेवरची झडप) बघावा लागेल. चारही कोरडे असतील आणि पंपाच्या अंगाला मात्र डिझेल भरपूर पोचलंय, तर परत स्टॉप लिव्हर बघा, आणि पंप बरेच महिने दुकानात पडून होता का विचारा, कारण आत जुनं डिझेल चिकट होऊन रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पंपातली पट्टी) बंद बाजूला अडकून बसतो. खरं तर बसवायच्या आधीच रॅक हाताने मोकळा हलतो का बघायला पाहिजे, कारण तो उलट्या बाजूला, म्हणजे फुल डिझेलला अडकला तर काय होतं ते पुढे सांगतो.

आता पांढऱ्या धुराचं, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

डिझेल जातंय पण जळत नाही, याचं कधी कधी कारण साधं असतं, बॅटरी उतरल्यामुळे इंजिन हळू फिरतंय, हळू फिरलं की हवा पुरेशी तापत नाही. हवा काढता काढता तासभर सेल्फ मारलेला असतो, बॅटरीत जीव राहिलेला नसतो. चांगली चार्ज केलेली बॅटरी लावून एकदा बघा मगच टायमिंगला हात घाला. पण बॅटरी चांगली आहे, पंप काढायच्या आधी इंजिन बरं चालू होत होतं, आणि आता नुसता पांढरा धूर, तर टायमिंग चुकलंय असं धरून चाला.

पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, क्रँकच्या दोन फेऱ्या तेव्हा पंपाची एक. म्हणजे एक नंबरचा पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो, एकदा हवा दाबत आणि एकदा जळका धूर बाहेर ढकलत, आणि फ्लायव्हीलवरची खूण दोन्ही वेळेला तीच दिसते. खूण जुळली म्हणून पंप बसवला आणि पिस्टन मात्र धूर ढकलायला वर आलेला होता, तर पंप अर्धी फेरी चुकीचा बसला, डिझेल नेमकं नको तेव्हा पडणार, गाडी खोकेल, सायलेन्सरमधून पांढरे लोट येतील पण चालू होणार नाही.

हे ओळखायला टॅपेट कव्हर काढा. एक नंबरच्या दोन्ही रॉकरना (वॉल दाबून उघडणाऱ्या दांड्यांना) हाताने धरून हलवा, दोन्ही थोडे ढिले, कटकट वाजणारे लागले तर दोन्ही वॉल बंद आहेत आणि पिस्टन हवा दाबत वर आलाय, हीच जागा पाहिजे. चार सिलेंडरला अजून पक्की खूण म्हणजे त्याच वेळी चार नंबरचे दोन्ही रॉकर अदलाबदलीत असतात, इंजिन किंचित पुढे-मागे केलं की एक उघडायला लागतो, दुसरा बंद व्हायला लागतो. उलट एक नंबरचेच रॉकर असे हलत असतील तर तुम्ही चुकीच्या फेरीत आहात, इंजिन अजून एक पूर्ण फेरी फिरवा.

दुसरा घोळ एका दाताचा. टायमिंग गिअरवर ठिपके असतात, क्रँकच्या गिअरवर, मधल्या आयडलरवर आणि पंपाच्या गिअरवर, ते समोरासमोर आले पाहिजेत. पंप गिअरला समजा ६० दात असतील तर एक दात म्हणजे पंपाचे ६ अंश आणि क्रँकचे १२, म्हणजे वर म्हटलं ते हजारावा भाग सेकंदाचं गणित. दात पुढे गेला तर इंजिन चालू होईल पण हातोडा मारल्यासारखं ठोकेल, मागे गेला तर पांढरा धूर, चालू व्हायला त्रास, आणि चालू झालं तरी दम नाही आणि गरम. आणि हो, एकदा ठिपके जुळवून इंजिन फिरवलं आणि परत बघितलं तर ते जुळलेले दिसत नाहीत, यात घाबरायचं काही नाही, बऱ्याच इंजिनांत आयडलरच्या दातांची संख्या अशी असते की तिन्ही ठिपके पुन्हा एकत्र यायला बऱ्याच फेऱ्या लागतात. अशा वेळी घाबरून गिअर उपसून परत बसवला की बरोबर असलेलं काम चुकतं.

गिअरच्या मागची छोटी अर्धगोल चावी पण बघा, ती बसवायची राहिली किंवा तुटली तर गिअर नट आवळल्यामुळे फिरतो खरा पण पंपाचा शाफ्ट कुठे आहे ते कोणालाच सांगता येत नाही. गिअरचा नट काढताना खाली टायमिंग केसमध्ये फडकं कोंबून ठेवत चला, नट किंवा वायसर आत पडला तर पूर्ण पुढची बाजू खोलायला लागते. डीपीएच्या शाफ्टवर एक दात रुंद असतो त्यामुळे तो एकाच जागी बसतो, आणि पंपाच्या फ्लँजवरची रेघ इंजिनवरच्या रेघेला जुळवायची असते. काढायच्या आधी त्या रेघेवरची घाण पुसून फोटो काढून ठेवला तर निम्मी डोकेदुखी वाचते.

एवढं बरोबर असेल तर मग बारीक टायमिंग, ज्याला थेंब टायमिंग म्हणतात, इनलाइन पंपावर. एक नंबरचा पाइप काढायचा, डिलिव्हरी वॉल आणि त्याची स्प्रिंग काढून स्वच्छ डिझेलच्या वाटीत ठेवायची, होल्डर परत लावून त्यावर वाकडी छोटी नळी लावायची. स्टॉप चालू बाजूला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण. प्रायमर मारला की नळीतून डिझेल धारेने पडतं. आता एका माणसाने इंजिन चालायच्या दिशेनेच हळूहळू फिरवायचं आणि दुसऱ्याने नळीवरची नजर काढायची नाही. धार बारीक होत जाते, तुटते, थेंब थेंब होतात, आणि थेंब इतके सावकाश होतात की एक पडल्यावर दुसऱ्याची वाट बघावी लागते, तिथेच थांबायचं. त्या क्षणाला प्लंजरने भोक बंद केलेलं असतं, म्हणजे डिझेल दाबायला सुरुवात. आता फ्लायव्हीलवर किती अंश आलेत ते बघायचं आणि तुमच्या इंजिनच्या पुस्तकात दिलेत तेवढे आहेत का ताडायचं. शेजारच्याच्या ट्रॅक्टरचा आकडा आपल्याला लावायचा नाही, इंजिन बदललं की आकडा बदलतो.

फिरवताना खूण ओलांडून पुढे गेलं तर तेवढंच मागे आणू नका. गिअरच्या दातांत थोडी ढील असते, मागे फिरवलं की ती ढील उलट्या बाजूला जाते आणि माप खोटं येतं. पाव फेरी मागे नेऊन परत पुढे या. पंप सरकवायचा असेल तर नियम एकच, शाफ्ट ज्या दिशेला फिरतो त्याच्या उलट पंपाची बॉडी सरकवली की टायमिंग आधी येतं, त्याच दिशेला सरकवली की उशिरा. पंपाकडचा एक अंश म्हणजे क्रँककडे दोन अंश, म्हणून केसभर सरकवायचं, बोल्ट आवळायचे, परत थेंब बघायचे.

रोटरी पंपावर पाइपांची अदलाबदल पण होते. तिथे पाइप गोलाकार बसतात आणि फायरिंगच्या क्रमाने जातात, चार सिलेंडरला बहुतेक १-३-४-२, तीन सिलेंडरला इंजिनप्रमाणे १-२-३ किंवा १-३-२. दोन पाइप उलटे लागले तर गाडी खडखडत चालते, धूर ओकते, कधी एअर क्लीनरकडे भडका मारते. कारखान्यात वाकवून आलेला पाइप आपल्या जागी अलगद बसतो, त्याला वाकवून, ताण देऊन बसवावं लागत असेल तर तो तिथला नाही असं समजा.

अशा वेळी चालू होत नाही म्हणून एअर क्लीनरमध्ये पेट्रोलचं फडकं धरणं किंवा स्प्रे मारणं हे कृपा करून बंद करा. टायमिंग आधीच चुकलेलं, त्यात पेट्रोल वेळेच्या आधी भडकतं, आणि पिस्टन रिंग तुटली की पंपाच्या खर्चात आख्ख्या इंजिनचा खर्च मिळतो.

चालू होऊन बंद पडतेय का? मग बहुतेक ओढायच्या बाजूने हवा शिरतेय. टाकी ते फीड पंप या भागात प्रेशर नसतं, ओढ असते, त्यामुळे गळती असली तरी बाहेर डिझेल दिसत नाही, उलट हवा आत जाते. तडकलेला रबरी पाइप, जुनेच वापरलेले तांब्याचे वायसर, फिल्टरच्या भांड्याचा रबर एका बाजूला चिमटलेला, अशा जागा. तात्पुरता एक पारदर्शक नळीचा तुकडा फीड पंपाच्या आधी लावा, बुडबुडे डोळ्याने दिसतील, मग टाकीकडून एकेक जोड तपासत या. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक मातीने बुजलं असेल तरी गाडी थोडा वेळ चालून मरते, झाकण सैल करून चालवून बघा, लगेच कळतं.

चालते पण लोड घेत नाही, ही तक्रार सगळ्यात फसवी. इथे मला एक छोटा बोल्ट आठवल्याशिवाय राहत नाही. इनलाइन पंपावरून टाकीकडे परत जाणाऱ्या पाइपाला बऱ्याच वेळा साधा बँजो बोल्ट (आतून डिझेल जाणारा पोकळ बोल्ट) नसतो, त्याच्या आत गोळी आणि स्प्रिंग असते, ती पंपाच्या पोटात डिझेलचं थोडं प्रेशर धरून ठेवते. बाहेरून तो साध्या बोल्टासारखाच दिसतो. पंप उतरवताना सगळे बोल्ट एका डब्यात टाकले आणि बसवताना साधा बोल्ट परतीला गेला, की डिझेल भराभर टाकीत परत जातं, प्लंजरला भरायला पुरेसं मिळत नाही, आयडलला सगळं छान आणि नांगर टाकला की गाडी बसते. तो गोळीचा बोल्ट कधी कधी चुकून येणाऱ्या लाइनला लागलेला असतो, मग रस्ताच अडतो. बोल्ट काढून आतून फुंकर मारून बघा, कोणता कुठला ते समजतं.

दुसरं, एका माणसाला सीटवर बसवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि तुम्ही पंपाचा लिव्हर बघा, तो जास्तीच्या स्क्रूला, म्हणजे पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरची हद्द ठरवणाऱ्या स्क्रूला टेकतोय का. रॉडची लांबी कमी-जास्त झाली तर लिव्हर तीन चतुर्थांशच जातो आणि दोष पंपावर येतो. मग फिल्टर, मग टायमिंग उशिरा आहे का, आणि मग पंपाच्या पाटीवरचा नंबर जुन्या पंपाशी जुळतो का. दिसायला सारखे दोन पंप आतून वेगळे असू शकतात, गव्हर्नर वेगळ्या आरपीएमचा, प्लंजर वेगळ्या मापाचा.

पण सील मारलेल्या स्क्रूला हात लावू नका, हे अगदी कळकळीने सांगतो. ऊस वाहतुकीच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढायला म्हणून डिझेल वाढवून घ्यायची पद्धत आहे, त्याने थोडे दिवस जोर वाटतो खरा, पण हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, म्हणून काळा धूर, पिस्टनचं डोकं तापतं, न जळलेलं डिझेल लायनरवरचं ऑइल धुतं. ज्या गाडीला खरं दुखणं उशिराचं टायमिंग किंवा तो गोळीचा बोल्ट आहे तिचं डिझेल वाढवून काय मिळणार, मूळ दोष तसाच राहतो आणि त्यावर दुसरा बसतो.

एखादा सिलेंडर मिस मारतोय असं वाटलं तर आयडलवर एकेक नोझलचा नट किंचित सैल करून बघायचं. चालू सिलेंडरचा नट सैल केला की आवाज पडतो, ज्याचा केल्यावर काही फरकच पडत नाही तो मेलेला आहे. मग त्याचं नोझल दुसऱ्या सिलेंडरला लावा, दोष नोझलबरोबर गेला तर नोझल, तिथेच राहिला तर पाइप, पंप किंवा कॉम्प्रेशन. हे करताना फडक्याने झाकून, चेहरा लांब ठेवून करा आणि गळती बोटाने कधीही चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा. २०० बारच्या डिझेलचा बारीक फवारा कातडीतून आत जातो, वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं, फार दुखतही नाही, आणि काही तासांत आतून हात सडायला लागतो, बोट किंवा हात कापायची वेळ येते. असं झालं तर हळद लावून घरी थांबायचं नाही, त्याच मिनिटाला मोठ्या हॉस्पिटलमध्ये जायचं आणि डॉक्टरला प्रेशरचं डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगायचं.

रॅक फुल डिझेलला अडकला तर चालू होताक्षणी इंजिन किंचाळत वर जातं आणि स्टॉपला जुमानत नाही. म्हणून पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवा आणि शेजारी जाड सपाट फळी घेऊन एक माणूस उभा करा. इंजिन पळालं तर फळी इनटेकच्या तोंडावर दाबायची, हवा बंद झाली की ते मरतं. हात किंवा सैल फडकं लावायचं नाही, आत ओढलं जातं. समोर आणि पंख्याच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, लहान मुलं तर खळ्यातच नकोत.

सगळं नीट झालं, गाडी चालली, तरी पहिले दोन दिवस सकाळी ऑइलची डिपस्टिक बघा. लेव्हल खाली जायच्या ऐवजी वर चढलेली दिसली आणि ऑइलला डिझेलचा वास आला, तर पंपाच्या शाफ्टचं सील किंवा फीड पंपाचा डायफ्राम आतून गळतोय आणि डिझेल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या ऑइलमध्ये जातंय. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं, तेव्हा सील बदलून ऑइलही बदलायचं, नुसतं वरचं काढून टाकायचं नाही. ज्या इनलाइन पंपाला स्वतःचं वेगळं ऑइल लागतं त्यात बसवताना ते भरलंय का हेही बघा, कोरडा पंप फार दिवस टिकत नाही.

आणि जुना पंप गेला कशाने ते शोधल्याशिवाय नव्याला कामाला लावू नका. टाकीचा तळाचा बोल्ट काढून बादलीत डिझेल सोडा, खाली पाण्याचा थर किंवा गंजाचा लाल चुरा दिसला तर कारण समोर आहे. कॅनमधून, फडकं न लावता नरसाळ्याने ओतलेलं डिझेल, पावसाळ्यात अर्धी रिकामी उभी राहिलेली टाकी जिच्या आत रात्री दव जमतं, स्वस्तात मिळालं म्हणून घेतलेलं रॉकेल मिसळलेलं डिझेल ज्यात वंगण नसतं, या तिन्ही गोष्टी काही मायक्रॉनच्या फटीत चालणाऱ्या प्लंजरला ओरखडे पाडतात. टाकी धुवा, दोन्ही फिल्टर बदला, भांड्यातलं पाणी आठवड्याला सोडा, आणि संध्याकाळी काम संपलं की टाकी भरून ठेवा.